रोपं लावा, पण आधी उभी झाडं राखा

पावसाळा आला की घरच्या ग्रुपवर वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात, थंडीत मुंबई-पुण्याच्या खराब हवेच्या बातम्या येतात आणि वर्षभर रस्तारुंदीसाठी तोडायच्या झाडांवरून भांडण चालू असतं. त्या भांडणात हमखास निघणारा तोडगा म्हणजे ‘बदल्यात इतकी रोपं लावू’. इथे लंडनमध्ये राहून मला तो तोडगा अगदीच अपुरा वाटू लागलाय.

हवेतले बारीक धूलिकण पानांवर बसतात आणि पावसाने धुऊन खाली जातात. म्हणजे सगळा खेळ पानांच्या पसाऱ्याचा. मोठ्या वडाएवढी पानं नव्या रोपाला यायला कित्येक वर्षं लागतात, तीही ते जगलं तर. महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावून ती सात वर्षं जगवणं बंधनकारक केलं, 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलं. कायदा चांगलाच आहे. पण ही रोपं शहराच्या दुसऱ्या टोकाला लागली, तर चौकात दिवसभर धूर खाणाऱ्या हवालदाराला त्यांचा काय उपयोग?

लंडनमध्ये 2015 साली झाडांचा हिशेब मांडला गेला: 84 लाख झाडं, वर्षाला 2,241 टन प्रदूषण शोषतात किंवा अडवतात. शहरातल्या एकेका झाडाची पौंडांत किंमत काढायची पद्धतही आहे. लंडनच्याच बर्कली स्क्वेअरमधल्या एका प्लेन (चिनाराच्या जातीतल्या) वृक्षाची किंमत 2008 मध्ये साडेसात लाख पौंड ठरली होती. असा आकडा समोर असला की कुऱ्हाड चालवणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं. मुंबई-पुण्याच्या वृक्ष प्राधिकरणांनी हे उचलावं असं मला मनापासून वाटतं.

अर्थात इथेही सगळं आलबेल नाही. इंग्लंडमधल्याच शेफील्ड शहरात रस्तेदुरुस्तीच्या कंत्राटात हजारो झाडं गेली. ती वाचवायला रहिवासी झाडांखाली उभे राहिले, काहींना अटक झाली. 2023 च्या चौकशी अहवालाने पालिकेवर कडक ताशेरे ओढले.

झाडांकडून भलत्या अपेक्षाही नकोत. अरुंद, उंच इमारतींच्या रस्त्यावर वरून दाट छत झालं तर गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. तिथे फुटपाथ आणि गाड्यांच्या मधलं कमरेएवढं दाट कुंपण बरं. आणि लंडनची हवा सुधारण्यात 2019 पासून जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांवर लावलेल्या रोजच्या शुल्काचा वाटा मोठा आहे. वाहनांना हात न लावता नुसती झाडं लावून भागणार नाही.

तरीही दिल्लीत 2021 मध्ये उभारलेल्या, हवा गाळणाऱ्या, कोट्यवधी रुपयांच्या स्मॉग टॉवरपेक्षा झाडं राखणं कितीतरी स्वस्त. हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीला झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडे मात्र पेव्हर ब्लॉक आजही बुंध्याला भिडवतात, मुळांना ना पाणी मिळत ना हवा. इथे रस्त्यावरच्या नव्या रोपाला पाण्याची हिरवी पिशवी बांधलेली असते, त्यातून पाणी थेंबाथेंबाने झिरपतं. सोबत ‘मला पाणी घाला’ अशी शेजाऱ्यांना विनंती करणारी चिठ्ठीही असते. याला खर्च तो किती!

म्हणून पुढच्या वेळी नगरसेवक रोप लावायला बोलावतील, तेव्हा त्यांना तीन गोष्टी विचारा: आपल्या प्रभागात झाडांभोवतीची किती आळी काँक्रीटमधून मोकळी केली, पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूद कुठे आहे आणि गेल्या वर्षीची किती रोपं जगली?