मोसंबी सरबत कडू झाल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई. डोहाळजेवणासाठी सकाळी 11 ला नेलेलं 7 लिटर मोसंबी सरबत संध्याकाळी 5 ला कडू लागलं, पाहुण्यांनी अर्धे ग्लास तसेच ठेवले, म्हणजे माल शिळा होता, असं आपण लिहिलंय. कडू झालंच असणार, त्यात वाद नाही. पण शिळा रस आंबतो, कडू होत नाही.

मोसंबीच्या फोडींवरच्या पातळ पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं. फळात असेपर्यंत त्याला चव नसते. रस काढला की रसातल्याच आंबटपणामुळे त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू. म्हणून पहिला घोट गोड आणि काही तासांनी तोच रस कडू. उन्हाने हे आणखी लवकर होतं. आपल्या जालन्याची मोसंबी कितीही चांगली असली तरी हे चुकत नाही. नंतर पाव किलो साखर घातलीत, तिने फक्त गोड-कडू होतं. आलेला कडवटपणा जात नाही.

कार्यक्रम किती वाजता, हे न विचारता काउंटरवरून तयार सरबत भरून दिलं, ही चूक आमची. पैसे परत घेऊन जा.

घरी करायचं असेल तर 50 जणांना 10 किलो मोसंबी लागते, रस साधारण 4 लिटर निघतो. अर्धा किलो साखरेचा पाक आदल्या दिवशी करून गार ठेवा. फळं आडवी चिरा, बिया काढा, हाताच्या यंत्रावर हलकेच पिळा. शेवटचा थेंब काढायच्या नादात पांढरी साल दाबली जाते आणि तिथेच बिघडतं. मिक्सर तर नकोच, बी फुटते. गाळताना चोथा चमच्याने रगडू नका. मग पाक, 2 लिटर गार पाणी, दोन चमचे काळं मीठ, थोडी जिरेपूड. 5-6 लिंबं अगदी शेवटी. पिळल्यापासून अर्ध्या तासात वाटून टाका.

सरबत पाणचट होतं, हीही तक्रार आहे. आमचं प्रमाण वरचंच आहे. बर्फ कॅनमध्ये टाकला असेल तर तो वितळून तसं होतं. कॅन बर्फाच्या टबात ठेवायचा.

यापुढे दोन तासांहून उशिराच्या कार्यक्रमाला आम्ही तयार सरबत देणार नाही. फळं आणि पाक वेगळे देऊ, पिळायचं यंत्रही सोबत, भाडं नाही.