युनियनवाले म्हणे काम करत नाहीत!

सकाळी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "हे टॅक्सी युनियनवाले स्वतः काम करत नाहीत आणि दुसऱ्याला करू देत नाहीत." लगेच त्यावर अंगठ्यांची रांग. कारण काय, तर न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून न्यू जर्सीला यायला भाडं जास्त पडलं. ग्रुपवर भांडले असते, पण गणपतीची वर्गणी अजून गोळा व्हायची आहे. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या मजल्यावर, जॅक्सन हाइट्सला, एक बांगलादेशी भाई राहतात. पूर्वी यलो कॅब चालवायचे, आता टॅक्सीवाल्यांना संघटित करायचं काम करतात. ईदला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. पहिला घास तोंडात जातोय न जातोय तोच फोन. कुणा ड्रायव्हरला टॅक्सी कमिशनचं, म्हणजे टॅक्सींवर लक्ष ठेवणाऱ्या शहराच्या खात्याचं, समन्स आलेलं. उजवा हात बिर्याणीने माखलेला, फोन मान तिरकी करून खांद्यात दाबलेला आणि डाव्या हाताने एका जुन्या पाकिटावर वेडावाकडा नंबर उतरवून घेणं चाललेलं. "वरची तारीख नको रे, खालची वाच. सुनावणीची." बराच वेळ हेच. मी विचारलं, तुमचा मेंबर का? भाई हसले. "होता. वर्गणी कधीची थकलीय."

आता यांना म्हणा, हे काम नाही!

ती वर्गणी कापायला पगार लागतो, आणि पगारच नसतो. टॅक्सीवाला कायद्याच्या लेखी कामगार नाहीच, स्वतंत्र कंत्राटदार आहे. म्हणजे युनियनला मान्यता द्या, वाटाघाटीला बसा, असं गॅरेजमालकाला कायद्याने भाग पाडता येत नाही. गाडी लीजवर घेतली की पठ्ठ्याची शिफ्ट उण्यातूनच सुरू होते, आधी मालकाचे पैसे, मग पेट्रोल, मग जमलंच तर घर. सगळे एका छताखाली भेटतील असा कारखानाही नाही. मग भाई रात्री एअरपोर्टच्या होल्डिंग लॉटमध्ये जातात, जिथे टॅक्सीवाले तासन् तास नंबर लागायची वाट बघत बसतात. एकेका गाडीची काच ठोठावायची, पत्रक द्यायचं आणि शिव्याही खायच्या. वर्गणीसाठी दारोदार फिरणं काय असतं, हे मंडळवाल्यांना मी सांगायला हवं?

मोठी लढाई झाली की मात्र सगळ्यांना कौतुक. १९९८ साली भैरवी देसाई (जन्म गुजरातचा, वाढली जर्सीत, टॅक्सी कधी चालवली नाही) यांनी काही ड्रायव्हरांबरोबर न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स उभी केली, आणि त्याच मे महिन्यात एक दिवस शहरातल्या बहुतेक यलो कॅब बंद राहिल्या. मग मेडॅलियनचं प्रकरण. टॅक्सीचा परवाना हो, २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरवर गेलेला. शहराने स्वतः लिलाव करून विकला, उबर-लिफ्टच्या गाड्या आल्या, भाव कोसळला आणि परवान्यासाठी ड्रायव्हरांनी काढलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं. २०१८ मध्ये ड्रायव्हरांच्या आत्महत्या झाल्या. २०२१ मध्ये ड्रायव्हरांनी सिटी हॉलबाहेर पंधरा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे एकेकाचं कर्ज १,७०,००० डॉलरपर्यंत खाली आलं, शहराने हमी घेतली आणि महिन्याच्या हप्त्याला मर्यादा पडली. त्या उपोषणात जोहरान ममदानीही बसले होते, आज न्यूयॉर्कचे महापौर, तेव्हा नुसते आमदार. आज त्यांच्याबरोबर सेल्फी हवा असलेले आपले किती जण तेव्हा तिकडे फिरकले होते?

पण उपोषणाचे दिवस पंधरा. बाकी वर्षभर पाकिटावर नंबर उतरवणं. त्या ईदला भाभींनी एक शब्द न बोलता भाईंच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि मला म्हणाल्या, "तू जेव, दीदी, हे असंच असतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असायला हवी होती, असं मला अजून वाटतं. भाईंना कुणी वीरपुरुष ठरवू नका. घरात त्यांचा उपयोग शून्य आहे.

ते समन्स पुढे रद्द झालं. थकलेली वर्गणी अजून आलेली नाही.

आणि आपण? एच-वनबी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस हातात. मॅनेजरने रविवारी रात्री कॉल लावला की आपण "शुअर, नो प्रॉब्लेम". लेऑफची यादी लागली की आपण बाथरूममध्ये जाऊन रडणार, आणि शेजारच्या क्युबिकलमधल्याला ते कळू देणार नाही. डिग्री आहे ना, आपण कुठले कामगार! टॅक्सीवाल्याने तोंड उघडलं की आपल्याला झोंबतं ते यामुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे. राग आला तर येऊ द्या.

हो, युनियनमध्ये पैसे खाणारे असतात, दादागिरी असते. मान्य. लालबागच्या मुलीला ते शिकवू नका. माझे वडील ८२ च्या गिरणी संपात घरी बसले ते कायमचेच.

त्यामुळे कमेंटमध्ये दत्ता सामंतांना आणू नका. त्या विषयावर बोलायचंच असेल तर घरी या, चहा ठेवते. मात्र सवड काढून या.