'पोरं गावाला धाडा' म्हणणाऱ्यांना कोकणातून उत्तर

मे 2025 मध्ये सायरनच्या तालमी झाल्या, तेव्हापासून एक मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर फिरतोय. सीमेवर जरा खुट्ट झालं की तो पुन्हा वर येतो. त्यातलं म्हणणं असं: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने शहरातली सगळी मुलं खेड्यांत पाठवून वाचवली. 1942 साली मुंबईकरांनीही पोरं कोकणात धाडली. खेड्यात बॉम्ब पडत नाही, खाण्यापिण्याची ददात नाही, आजीजवळ मुलं कणखर होतात. तेव्हा चाकरमान्यांनो, युद्धाची चाहूल लागताच मुलांना एकटं का होईना, गावच्या गाडीत बसवून द्या.

'सगळी मुलं पाठवून वाचवली.' पाठवली हे खरं, पण सगळी नव्हे. 1 सप्टेंबर 1939 ला, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारायच्या दोन दिवस आधी, हे काम सुरू झालं आणि तीन-चार दिवसांत सुमारे 15 लाख माणसं शहरांबाहेर गेली. त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त शाळकरी मुलं. बाकी तान्ह्या-लहानग्यांना घेऊन निघालेल्या आया, गरोदर बायका, शिक्षक. सक्ती नव्हती, त्यामुळे कित्येक आईबापांनी मुलं पाठवलीच नाहीत. महिनोन्‌महिने बॉम्ब पडेना, तशा आया जाऊन आपली पोरं परत आणू लागल्या. जानेवारी 1940 पर्यंत जवळपास निम्मी माणसं घरी आली होती. लंडनवरचा खरा मारा सुरू झाला तो त्यानंतर, 7 सप्टेंबर 1940 ला. मग पुन्हा पाठवापाठवी. एवढं करूनही युद्धभरात ब्रिटनमध्ये साडेसात हजारांवर मुलं बॉम्बहल्ल्यांत मेली. मुलं हलवली नसती तर आकडा याहून मोठा असता, हे मान्यच आहे. फक्त मेसेजमध्ये ते जितकं सोपं वाटतं तितकं ते नव्हतं.

आणि ते फुकटही नव्हतं. एक मूल ठेवणाऱ्या घराला सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग देई, जास्त मुलं असली तर दर मुलामागे साडेआठ. वर्गाबरोबर वर्गाचे शिक्षक जात. तरीही गावच्या हॉलमध्ये मुलांना ओळीने उभं करून घरवाले 'हा चालेल, तो नको' अशी निवड करत, भावंडांची ताटातूट होई. आपल्या मेसेजमध्ये पैशाचा आणि शिक्षकांचा उल्लेखच नाही. सगळा भार आजीवर!

'एकटं का होईना.' मला सगळ्यात खटकतं ते हे. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धकाळात मुलांची पाळणाघरं चालवत होत्या. त्यांचं निरीक्षण असं की आई जवळ असली तर लहान मुलं बॉम्बचा धक्का बऱ्यापैकी सोसतात. आईपासून तुटण्याचा धक्का त्यांना जास्त बाधतो. त्याच युद्धात फिनलंडने सुमारे 70,000 मुलं स्वीडनला पाठवली. त्यांतली कित्येक स्वतःची भाषा विसरून आली, हजारो परतलीच नाहीत. म्हातारपणी त्यांची पाहणी झाली तेव्हा, घरीच राहिलेल्यांपेक्षा त्यांच्यात उदासपणाची लक्षणं जास्त आढळली. 'कणखर होतात' याचंही उत्तर यातच आलं.

आता 1942. मार्चमध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हाती पडलं, 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर त्यांचे बॉम्ब पडले, मुंबईत घबराट उडाली, लोक गावाकडे निघाले. हे सगळं खरं. पण गिरणगावातल्या बहुतेक कोकणी गड्यांची बायकापोरं मुळात गावीच असत. गडी गाळ्यात किंवा खानावळीत, घरी मनिऑर्डर. जी पोरं मुंबईतून आली तीही आईच्या किंवा चुलतीच्या हाताला धरून, भरल्या घरात आली. शिवाय आगबोटी पावसाळ्यात बंद. एप्रिलात आलेला माणूस जूननंतर इथे अडकलाच.

'खाण्यापिण्याची ददात नाही' हे ज्याने लिहिलं त्याने रत्नागिरी जिल्ह्याचा भात कधी मोजलेला नाही. हा तुटीचा मुलूख. इथे पेजेला ब्रह्मदेशचा तांदूळ लागायचा, आणि रंगून गेल्यावर तोच थांबला. मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं, म्हणजे शहरात निदान ठरलेलं माप कार्डावर मिळू लागलं. गावच्या घरात मात्र वाढलेली चार तोंडं त्याच कणगीतून भागवायची होती.

'खेड्यात बॉम्ब पडत नाही.' 7 मे 2025 च्या तालमीसाठी केंद्राने काढलेल्या नागरी संरक्षण यादीत मुंबई होती, तसं उरण होतं, थळ-वायशेत होतं, आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गही होते. बंदरं, खत कारखाना, वीज प्रकल्प आपल्याच किनाऱ्यावर आहेत. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली ती रायगडातल्या दिघी-शेखाडीला. मुंबईपेक्षा इथे धोका कमी, हे म्हणा. 'नाही' म्हणू नका.

राहिली आजी. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली दिसली. माणसं मुंबईला गेली, घरं म्हाताऱ्यांवर आली. आमच्या वाडीतलं एक घर सांगतो. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन्ही गुडघे धरलेले. मे महिन्यात विहीर तळाला, वीज गेली की पंप बंद, मग कळशीने चढण चढायची. बीपीच्या गोळ्या संपल्या तर एसटीने तालुक्याला. मोबाईलला रेंज हवी तर आंब्याखाली जायचं. तिला हा मेसेज वाचून दाखवला तर म्हणाली, "पोरां येवंदेत, पण रांधतला कोण?" या प्रश्नावर ग्रुपमध्ये अजून कुणी काही बोललेलं नाही. एरवी तिथे गुड मॉर्निंगची कमी नसते.

युद्धकाळात दूर नेलेली मुलं गावात नीट राहिल्याचा दाखला हवाच असेल तर घाट चढून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जा. तिथे 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची स्वतःची शाळा होती, दवाखाना होता, चर्च होतं, आणि खर्च लंडनमधलं त्यांचं परागंदा सरकार बघत होतं. पोरांबरोबर आया होत्या, शिक्षक होते.

तेव्हा पोरं आणायचीच असतील तर जरूर आणा, पण सोबत आईने किंवा बापाने यावं. चालू औषधं, शाळेचे कागद आणि दोन महिन्यांचं सामान घेऊन या. गावच्या शाळेत मास्तर किती, जवळचा डॉक्टर कुठे, हे आधी फोन करून विचारा. आणि म्हातारीला दर महिन्याला किती पैसे पाठवणार, तेही त्याच फोनवर सांगा.