वार्षिक म्हणे! अरे, वर्ष झालंय कुठे?

आज परत तेच. मीटिंगला आलेल्या एका पाहुण्या सल्लागारानं स्लाइड लावली. दोन लाल खांब. जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, किती टक्क्यांनी घटलं ते. 2020, एप्रिल ते जून : अमेरिका उणे 32.9, भारत उणे 23.9. आणि वर तोंड करून म्हणतो, "बघा, त्यांच्यापेक्षा आपलं बरंच बरं होतं!" मी हात वर केला. "प्रश्न शेवटी घेऊ," म्हणाला. शेवटी चहा आला.

डोकं फिरतं हो! ते दोन आकडे एका मापाचेच नाहीत. आपला 23.9 म्हणजे आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना. त्यांचा 32.9 म्हणजे हंगामी समायोजित (दर वर्षीचे ठरलेले चढउतार वजा केलेला) वार्षिक दर. मागच्या तिमाहीपेक्षा जेवढी घसरण झाली, तेवढीच आणखी तीन तिमाह्या होत राहिली तर वर्षाच्या शेवटी कुठे जाऊन आपटू, त्याचा तो हिशेब. तिमाहीतली खरी घसरण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे 1 चे उरले 0.905. 0.905 चार वेळा गुणा, 0.671 येतात. गेले ना 32.9? आदल्या वर्षीशी ताडून पाहिलं तरी अमेरिका दहाच्या आतच. म्हणजे सारखं माप लावलं तर निकाल बरोब्बर उलटा! आणि लोक माना डोलावतायत, फोटो काढतायत.

वर एक हुशार विचारतो, साडेनऊ चोक अडतीस, मग 32.9 कसे? अरे बाबा, चक्रवाढ आहे ती. दर वेळी उरलेल्यातूनच कापलं जातं. वाढताना उलटं होतं : महिन्याला 1 टक्का म्हणजे वर्षाला 12 नाही, 12.68.

पुढच्या तिमाहीचा अमेरिकेचा आकडा आला अधिक 33.1. झालं! "33 गेले, 33 आले, फिटंफाट." कसली फिटंफाट? तोवर 32.9 चे सुधारून 31.4 झाले होते. (हे आकडे मागाहून बदलतात, हेही कुणाला सांगायची सोय नाही. लगेच "घोळ केला" म्हणून ओरडतात.) म्हणजे 100 चे 91 झाले. त्यात साडेसात टक्क्यांच्या जवळपास भर पडली. होतात जेमतेम 98. भोक अजून पुरतं बुजलं नव्हतं आणि हे पेढे वाटायला निघाले.

हंगामी समायोजनावर माझा काडीचाही राग नाही. डिसेंबरात तिथली दुकानं ओसंडतात, जानेवारीत ओस पडतात, दर वर्षी. ती नेहमीची भरती-ओहोटी वजा केल्याशिवाय खरं काय हललं ते कळणारच नाही. त्यासाठी अमेरिकेच्या जनगणना खात्यानं एक्स-13 अरिमा-सीट्स नावाची अख्खी आज्ञावली बांधलीय. काम चोख आहे. माझा राग आहे तो शब्द गाळणाऱ्यांवर. "हंगामी समायोजित वार्षिक दर" यातलं "हंगामी समायोजित" आधी उडतं, मग "वार्षिक दर" उडतं, आणि मथळा उरतो : "अर्थव्यवस्था एक तृतीयांश बुडाली"! घरबांधणीचंही तेच. नव्या घरांचा वार्षिक दर 14 लाखांचा असेल तर बातमी येते, "महिन्यात 14 लाख घरं सुरू". भागा की बाराने! 1 लाख 17 हजारांच्या आत येतात, आणि तेही समायोजन केल्यावर. एका महिन्यात 14 लाख पाये खणायला माणसं आणणार कुठून?

युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय, तिमाहीची वाढ सरळ तिमाहीचीच म्हणून छापतं, वर्षाचा फुगा न फुगवता. त्यामुळे तिथले 0.3 आणि अमेरिकेचे 1.2 म्हणजे एकच वेग. पण शेजारी-शेजारी मांडून "युरोप चौपट मागे" म्हणणारे महाभागही भेटलेत.

संध्याकाळी मी सल्लागाराला सगळा हिशेब मेल केला, बेरीज-गुणाकारासकट. उत्तर आलं, "छान मुद्दा. तळटीप टाकतो." रात्री सुधारित स्लाइड आली. तळटीप होती. फिक्या करड्या रंगात, मुंगीच्या अक्षरात : "मोजपद्धती भिन्न असू शकतात." वर दोन्ही खांब जसेच्या तसे, आणि आता त्यांच्यामध्ये एक हिरवा बाण.