रसिक आहेत, कार्यक्रम जवळ आणा

‘उपनगरांत कार्यक्रम ठेवले तर रसिकच येत नाहीत’ हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. आम्ही बडोद्याच्या मांजलपूर उपनगरात राहतो. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये शेजारच्या काकूंनी नाट्यगीतं म्हटली. तबलजी अजून हातोडीने तबला लावत होते, तेवढ्यात सतरंज्या भरल्या, मुलं जिन्यावर बसली. गुजराती शेजारीही भैरवी होईपर्यंत हलले नाहीत. रात्री कार्यक्रमासाठी शहरातल्या दांडिया बाजारापर्यंत जाऊन परतणं सासूबाईंना आता झेपत नाही. इथे मात्र त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, त्या गावात कान तयारच आहेत. फक्त वेळ संध्याकाळची ठेवा आणि निरोप चार दिवस आधी द्या.