इलेक्ट्रिक गोल्फ ट्रॉली: ‘मोठी बॅटरी, जास्त वॉट, कॅडीला सुट्टी’ हा सल्ला का पटत नाही

पुण्यातल्या गोल्फ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्याला त्याला तो आवडलाय आणि जो तो पुढे ढकलतोय. मेसेजचं सार असं: गोल्फची बॅग वाहणारी इलेक्ट्रिक ट्रॉली घेताना जास्तीत जास्त वॉटची मोटर बघा. बॅटरी छत्तीस होलचीच, म्हणजे अठरा-अठरा होलच्या दोन राउंडना पुरणारीच घ्या. रिमोट नसेल तर पैसे वाया. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं मॉडेल स्वस्तात मिळालं तर सोडू नका, ती बॅटरी कुठेही मिळते. चाकं सगळी सारखीच. आणि ट्रॉली घरी आली की कॅडी, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारा मदतनीस, लागत नाही, वर्षभरात किंमत वसूल.

यातला एखादा मुद्दा अर्धा बरोबर आहे, बाकीचे चुकीचे आहेत. शेवटचा तर मला फार खटकला. मेसेज वाचून चांगले पैसे घालायला निघालेले लोक मी पाहतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

‘जास्त वॉट म्हणजे जास्त ताकद’

साधा हिशेब करून बघू. ट्रॉली, बॅटरी आणि भरलेली बॅग मिळून साधारण ३० किलो होतात. दहा अंशांचा चढ म्हणजे बऱ्यापैकी दमवणारा चढ. ताशी ५ किलोमीटरच्या चालीनं हे वजन तिथे चढवायला जेमतेम ७० वॉट लागतात. गवताचा अडथळा धरला तरी आकडा सव्वाशेच्या आसपास राहतो. म्हणजे खरोखर २०० वॉट देणारी मोटर आपल्याकडच्या बहुतेक चढांना पुरते. जाहिरातीत छापलेला मोठा आकडा बऱ्याचदा क्षणभरापुरता असतो, सलग मिळणारा नसतो. आणि ओल्या गवतावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं, तर ५०० वॉटची मोटरही तिथेच फिरत बसते.

खरा प्रश्न चढाचा नाही, उताराचा आहे, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल एक शब्दही नाही. येरवड्याचं पूना क्लबचं मैदान तुलनेनं सपाट आहे, तिथे कुठलीही बरी ट्रॉली निभावून जाईल. पण बावधनच्या बाजूला डोंगरउतारावरच्या ऑक्सफर्डच्या मैदानावर जा आणि तीच ट्रॉली उंचावरच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, खाली आणून दाखवा. साध्या मॉडेलमधला कंट्रोलर मोटरला फक्त पुढे ढकलतो. उतारावर ३० किलो स्वतःहून ओढायला लागले की त्यांना थोपवायला फक्त तुमचे हात उरतात. अठरा होलमध्ये असे चार-पाच उतार आले की मनगटं आणि खांदे भरून येतात. ट्रॉली घेतली होती ती नेमकं हेच टाळायला.

म्हणून विकत घेताना उतारावरच्या वेगनियंत्रणाची चौकशी आधी करा. ते असेल तर मोटरच ब्रेकचं काम करते आणि ट्रॉली ठरवलेल्या चालीनं खाली येते. दुसरी चौकशी पार्किंग ब्रेकची. दुकानात बॅग लावून ट्रॉली एखाद्या रॅम्पवर उभी करायला सांगा, हात काढा आणि मिनिटभर बघत राहा. हळूहळू सरकली तर ती मैदानावरही सरकणार. गोल्फच्या नियमांतही याला किंमत आहे. तुमची ट्रॉली फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) घरंगळून तुमच्याच थांबलेल्या चेंडूला लागली आणि चेंडू हलला, तर एक फटक्याचा दंड बसतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. ब्रेक असला तरी ट्रॉली उताराला आडवी लावायची सवय ठेवा.

‘बॅटरी छत्तीस होलचीच’

दिवसाला छत्तीस होल खेळणारे आपल्यात किती आहेत? मोठी बॅटरी म्हणजे जास्त वजन, जास्त किंमत आणि एक अडचण जी मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली दिसत नाही: विमानप्रवास.

आधी तुलना नीट करू. दुकानदार अँपिअर-अवर सांगतो, पण व्होल्ट वेगळे असतील तर त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. दोन्हींचा गुणाकार करा, म्हणजे वॉट-अवर मिळतात. १२.८ व्होल्टची १६ अँपिअर-अवरची बॅटरी सुमारे २०५ वॉट-अवर साठवते. २४ व्होल्टची ९ अँपिअर-अवरची २१६. कागदावर ‘१६’ मोठा दिसतो, साठा मात्र दुसरीत थोडा जास्त आहे. अठरा होल चालताना ८ ते १० किलोमीटर होतात. सपाट मैदानावर त्याला माझ्या हिशेबानं १२० वॉट-अवरच्या आसपास लागतात, चढउतार असतील तर आणखी काही. म्हणजे २०० वॉट-अवरची बॅटरी एका राउंडला हातचं राखून पुरते.

आता विमान. १०० वॉट-अवरपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्ये नेता येते. १०० ते १६० मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात नेताच येत नाही, ना केबिनमध्ये, ना खाली. स्पर्धेसाठी बंगळुरू किंवा दिल्लीला ट्रॉली घेऊन जाणाऱ्यानं ‘छत्तीस होलची’ बॅटरी घेतली असेल, तर ती लोहगाव विमानतळावरच अडणार. वरचेवर बाहेर खेळायला जाणाऱ्यानं हा आकडा बॅटरीवर छापलेला बघूनच पैसे द्यावेत.

पुण्याच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना उभ्या गाडीच्या डिकीत लिथियम बॅटरी ठेवू नका, उष्णतेनं तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. राउंड संपल्या संपल्या तापलेली असतानाच चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. पावसाळ्यात महिना-दोन महिने खेळ बंद राहणार असेल, तर साधारण अर्ध्या चार्जवर काढून ठेवा.

‘लेड-अ‍ॅसिड स्वस्त आणि कुठेही मिळते’

कुठेही मिळते हे खरं. पण तिचं वजन ८-१० किलोच्या घरात, तेवढंच काम करणारी लिथियम सुमारे ३ किलोची. लिफ्ट बंद असलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ती रोज वर-खाली कोण करणार? शिवाय पूर्ण रिकामी करून वापरली तर लेड-अ‍ॅसिड दोन-तीनशे चार्जिंगांत म्हातारी होते, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची लिथियम बॅटरी हजारांवर जाते. आणि गाडी सुरू करायची बॅटरी ट्रॉलीला लावणं हा तर शुद्ध तोटा, कारण ती हळूहळू रिकामी होण्यासाठी बनवलेलीच नसते. पुढे कधी लिथियमवर गेलात तर जुना चार्जर तिला लावू नका.

चार्जरवरून आठवलं. नातेवाइकाकडून अमेरिकेतून ट्रॉली मागवणारे बरेच आहेत. चार्जरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे का, ते आधी फोटो मागवून बघा. फक्त ११०-१२० लिहिलं असेल तर तो आपल्या प्लगमध्ये घालायचा नाही. तिकडची वॉरंटी इथे चालते का आणि कंट्रोलर बिघडला तर पुण्यात कोण उघडणार, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय स्वस्त मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नये.

‘चाकं सगळी सारखीच’

जून ते सप्टेंबर पुण्यात खेळलेल्या माणसानं असं लिहावं याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्याकडची काळी माती ओली झाली की चाकाला थर बसतो, त्यावर गवत चिकटतं आणि अरुंद चाक अर्ध्या राउंडमध्ये जड होऊन जातं. रुंद चाक जमिनीवर कमी दाब देतं, चर पडत नाहीत. खोल खाचांची, उभ्या दातांची पावसाळी चाकं वेगळी मिळतात, तुमच्या मॉडेलला ती बसतात का विचारा. चाक एका खटक्यात निघायला हवं, म्हणजे नळाखाली धरून धुता येतं. मोटर आणि हँडलवरच्या बटणांना पाण्यापासून संरक्षण किती, हेही बघा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसेल एवढंच, पाइपानं फवारा मारून धुवायची मुभा नाही. फार ओल असेल त्या दिवशी क्लबनं ट्रॉलीला बंदी केली, तर ती मैदानाच्या भल्यासाठी असते, वाद घालू नये.

‘रिमोट नसेल तर पैसे वाया’

ज्यांचा खांदा, पाठ किंवा गुडघा खरोखर त्रास देतो, त्यांना रिमोटचा उपयोग आहे. बाकीच्यांना कमी. रिमोटची ट्रॉली पन्नास पावलांवर असताना सिग्नल तुटला तर ती थांबते की चालत राहते, हे कुणी विचारत नाही. पुढे बंकर (वाळूचा खड्डा) किंवा तळं असेल तर या उत्तराला फार महत्त्व आहे.

‘कॅडी लागत नाही’

या मुद्द्यावर मला राग येतो, आणि तो लपवायची इच्छा नाही.

आधी पैशांचं. भारतातल्या बऱ्याच क्लबांत कॅडी घ्यावाच लागतो, ट्रॉली तुमची स्वतःची असली तरी. तिथे बचत शून्य, त्यामुळे ‘वर्षभरात वसूल’ हा हिशेब पहिल्याच ओळीत कोसळतो. खरेदीआधी क्लबच्या ऑफिसात विचारून घ्या.

पण समजा सक्ती नाही. कॅडी फक्त बॅग वाहतो असं ज्याला वाटतं, त्यानं कॅडीकडे कधी नीट पाहिलेलं नाही. तुमचा चेंडू झाडीत शिरतो तेव्हा तो दोन खोडांची खूण धरून सरळ तिथे चालत जातो आणि बुटाच्या टोकानं पाला बाजूला करतो. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, तुम्हाला सपाट दिसणारी जागा डावीकडे किती ओढते ते तो सांगतो, कारण त्यानं त्या जागेवरून शेकडो ‘पट’ (होलकडे मारलेले हलके फटके) जाताना पाहिलेत. उखडलेल्या गवतात वाळू भरतो, बंकर सारखा करतो, झेंडा धरतो. यातलं एकही काम ट्रॉली करत नाही. भारतीय गोल्फमधले मोठे खेळाडूही याच वाटेनं आलेत: १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी होते, २००९ मध्ये ती जिंकणारे सी. मुनियप्पा बंगळुरूत.

बारा-पंधरा किलोची बॅग खांद्यावर घेऊन ८-१० किलोमीटर चालतो तो कॅडी. इलेक्ट्रिक ट्रॉलीचा आपल्याकडचा सर्वात मोठा उपयोग त्याच्या खांद्याला आहे. आपल्याकडे ट्रॉली बहुतेक वेळा तोच चालवणार, हे धरलं की निवडीचे निकषच बदलतात. हँडलची उंची त्याला जुळायला हवी, म्हणजे ती कमी-जास्त होणारी हवी. बटणं मोठी, मोजकी, घामट हातानं दाबता येतील अशी हवीत. सुरू-बंद, वेग आणि ब्रेक इतकं पुरे, अ‍ॅप आणि टचस्क्रीन नको. बॅग वळताना फिरू नये म्हणून पट्टे घट्ट बसतात का, ते तुमची स्वतःची बॅग दुकानात नेऊन बघा. शक्य असेल तर नेहमीच्या कॅडीला सोबत घेऊन जा आणि ट्रॉली त्याच्या हातात द्या. उतारावर कुठलं मॉडेल हाताबाहेर जाईल, हे तो तुमच्या आधी ओळखेल.

आणि त्याचं ओझं हलकं झालं म्हणून त्याच्या पैशांत कपात करू नका. चेंडू शोधणं, रेषा सांगणं, वाळू भरणं हे सगळं तो पूर्वीइतकंच करणार आहे.