‘उच्चैः’ म्हणजे मोठ्याने नव्हे

नमस्कार,

वैदिक स्वरांवरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की बोलण्यातला काय किंवा मंत्रपठणातला काय, स्वराचा चढउतार हा निव्वळ अलंकार आहे. कुजबुजताना स्वर नसतोच, तरी अर्थ कळतो. आणि उदात्त हा वैदिक स्वर कोणता ते सांगणाऱ्या ‘उच्चैरुदात्तः’ या पाणिनीय सूत्राचा ‘मोठ्याने म्हटलेला तो उदात्त’ हा सरळ अर्थ सोडून मी तो ‘चढ्या स्वरात म्हटलेला’ असा उगाच ताणला आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण ही शंका फार जुनी आहे. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्ती या जुन्या टीकेत तिचे उत्तर स्पष्ट दिले आहे: ‘उच्चैर्भाषते’ असे आपण म्हणतो तेव्हा जो मोठा आवाज अभिप्रेत असतो, तो येथे घ्यायचा नाही. महाभाष्यकार पतंजलींनी तर उदात्त उच्चारताना शरीरात काय घडते तेच सांगितले आहे. गात्रे ताणली जातात, आवाज रुक्ष होतो आणि कंठविवर आकुंचन पावते. आज आपण म्हणतो, की स्वरतंतू ताणले की कंपनांची संख्या वाढते आणि सैल सोडले की ती उतरते. आवाज लहानमोठा होतो तो मुख्यतः श्वासाच्या दाबामुळे. घशावर बोट ठेवून अगदी हळू, पण चढ्या स्वरात ‘ऊ’ म्हणून पाहा. या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे बोटालाच कळेल.

कुजबुजण्याविषयी आपले निरीक्षण बरोबर आहे. त्या वेळी स्वरतंतू कंप पावत नाहीत आणि मराठी शब्द तरीही ओळखू येतात. मात्र ‘तो गेला’ एवढेच कुजबुजून बघा. ही बातमी आहे की प्रश्न, हे पुष्कळदा बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे लागते. चिनी भाषेत तर ‘मा’ सपाट उंच स्वरात म्हटले की आई, आणि खाली नेऊन वर उचलले की घोडा.

वैदिक संस्कृतातही स्वर अर्थ ठरवतो. वैदिक कथेतल्या त्वष्टा या देवाला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता, आणि त्यासाठी म्हटलेल्या मंत्रात त्या पुत्राला ‘इन्द्रशत्रु’ म्हटले होते. ‘इन्द्रशत्रु’ या शब्दात शेवटचे अक्षर उदात्त असेल तर तो तत्पुरुष, म्हणजे इंद्राचा संहारक. पहिले अक्षर उदात्त असेल तर बहुव्रीही, म्हणजे इंद्र ज्याचा संहारक आहे असा. कथेत उदात्त पहिल्या अक्षरावर पडला आणि तो पुत्र, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. कथा म्हणून ती बाजूला ठेवली तरी व्याकरण तेच राहते: एकही वर्ण न बदलता अर्थ उलटा होतो. याला अलंकार म्हणायला माझे मन तयार होत नाही. पाठशाळेत गुरू लहान विद्यार्थ्याच्या डोक्यावर हात ठेवून स्वरागणिक त्याची मान खालीवर करवतात, ते हा भेद अंगात मुरावा म्हणूनच.

एका ठिकाणी मात्र आपण मला योग्य अडवले आहे. ‘स्वराशिवाय मंत्र मंत्रच नव्हे’ हे माझे विधान अतिव्याप्त होते. उदात्त (चढा), अनुदात्त (खालचा) आणि स्वरित (चढून उतरणारा) यांचा भेद न करता म्हणण्याला एकश्रुती म्हणतात, आणि जप, न्यूंख (ठरावीक ओकारांचे पठण) व साम (गायचे मंत्र) वगळता यज्ञकर्मात तीच असावी असे पाणिनीच सांगतात (१.२.३४). पुढे वेदपठणातही त्यांनी तिला विकल्प दिला आहे (१.२.३६). सपाट पठणाला परंपरेतच जागा आहे, हे मी लिहायला हवे होते.

मूळ लेखातले ते वाक्य आज बदलले आहे. ‘इन्द्रशत्रु’वरचा परिच्छेद तसाच ठेवला आहे.